रस्त्यावरची साडेबारा चौरस मीटर जागा

माझी आई ७८ वर्षांची आहे. दर मंगळवारी सकाळी ती मंडईत भाजी आणायला जाते आणि बसनेच जाते, कारण एवढ्याशा अंतरासाठी रिक्षाला पैसे देणे तिच्या मनाला पटत नाही आणि माझ्या स्कूटरवर मागे बसणे तिच्या गुडघ्यांना आता झेपत नाही. गेल्या महिन्यात मी तिच्यासोबत थांब्यावर उभी होते. थांब्याच्या खांबाला लागून दुचाकींची तिरपी रांग लावलेली होती, आणि बस आली तेव्हा तिला कडेला लागायला जागाच नव्हती, म्हणून ती रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. आईने पिशवी छातीशी धरली, दोन स्कूटरांच्या मधल्या फटीतून अंग चोरून ती रस्त्यावर उतरली, डावीकडून घुसणाऱ्या मोटारसायकलला हात दाखवून थांबवले आणि डांबरावरूनच बसची पायरी चढली. फूटपाथवरून चढायची असेल तर ती पायरी जेमतेम वीतभर उंच असते, डांबरावरून चढायची तर तीच पायरी माझ्या आईच्या गुडघ्याशी येते. आत बसायला जागा मिळाल्यावर थोडा दम खाऊन ती म्हणाली, "बस येते गं, पण माझ्यापर्यंत पोचत नाही."

जानेवारी २०२६ मधल्या निवडणुकीनंतर पुणे महापालिकेला जवळजवळ चार वर्षांनी पुन्हा लोकनियुक्त सभागृह मिळाले आहे. मार्च २०२२ पासून प्रशासकांच्या हाती असलेला कारभार आता १६५ नगरसेवकांच्या नजरेखाली आला आहे, आणि पार्किंग, पीएमपी ही शहर बससेवा, मेट्रो, उड्डाणपूल हे सारे विषय या सभागृहापुढे आज ना उद्या यायचेच आहेत. मला काळजी वाटते ती ते नेहमीप्रमाणे सुटे सुटे येतील याची. एखाद्या सभेत पार्किंगच्या शुल्कावरून गदारोळ होतो, दुसऱ्या सभेत पीएमपीच्या संचलन तुटीची, म्हणजे बस चालवण्याचा खर्च आणि उत्पन्न यांतल्या फरकाची, रक्कम मंजूर होते, तिसऱ्या सभेत एखाद्या पुलासाठी वर्गीकरणाने, म्हणजे दुसऱ्या कामाची तरतूद काढून, निधी वळवला जातो, आणि या तिन्ही निर्णयांचा एकमेकांशी काही संबंध आहे असे कामकाज वाचणाऱ्याला कधी जाणवतच नाही. आईच्या थांब्यावर उभे राहिले की मात्र ते तिन्ही निर्णय पंधरा-वीस मीटरांच्या अंतरात एकत्र दिसतात.

मार्च २०१८ मधली चर्चा पुष्कळांच्या स्मरणात असेल. प्रशासनाने पार्किंग धोरण आणले होते आणि त्याचा मूळ विस्तार संपूर्ण शहराचा होता. रस्त्याच्या कडेला वाहन लावणाऱ्याने त्या भागातली वर्दळ आणि लावण्याचा कालावधी यांच्या प्रमाणात शुल्क द्यावे, आणि रात्री घरासमोरच्या सार्वजनिक रस्त्यावर गाडी ठेवणाऱ्यानेही त्या जागेचे काहीतरी मोल द्यावे, अशी त्यामागची कल्पना होती. त्यावर आंदोलने झाली, विरोधी पक्षांनी 'आधी सक्षम सार्वजनिक वाहतूक द्या, मग शुल्क मागा' अशी भूमिका घेतली, सत्ताधारी पक्षालाही मतदारांची नाराजी दिसत होती, आणि अखेर मुख्य सभेने धोरण मंजूर केले खरे, पण ते प्रायोगिक तत्त्वावर फक्त पाच रस्त्यांपुरते. पुढे त्या पाच रस्त्यांवरही ते वर्षानुवर्षे कागदावरच राहिले. त्याच सुमारास आरटीओकडची आकडेवारी प्रसिद्ध झाली होती आणि तिच्यानुसार शहराची लोकसंख्या साधारण ३५ लाख, तर नोंदलेली वाहने ३६ लाखांहून अधिक, त्यांत सुमारे २७ लाख दुचाकी, असे चित्र पुढे आले होते. म्हणजे ज्या वर्षी या शहरातल्या वाहनांची संख्या माणसांच्या संख्येपुढे गेल्याचे आपण वाचले, त्याच वर्षी ती वाहने कुठे आणि कोणाच्या खर्चाने उभी राहणार याचा निर्णय आपण पाच रस्त्यांवर आणून ठेवला.

'आधी बस, मग शुल्क' हे म्हणणे तेव्हा मलाही पटले होते. मी स्वतः दुचाकी चालवते, आणि ज्या गावात बसची वाट पाहण्यात अर्धा-पाऊण तास जातो तिथे दुचाकीवाल्याला दंड केल्यासारखे शुल्क लावणे अन्यायाचे आहे असे मी घरात आणि ऑफिसात अनेकांशी वाद घालून सांगितलेले आहे. आईबरोबर बसने जाऊ लागल्यावर माझे मत बदलले, आणि ते कोणाच्या व्याख्यानाने नव्हे, तर बसच्या पुढच्या काचेतून रस्ता पाहून बदलले. पेठांतल्या रस्त्यांची रुंदी वाढणार नाही, वाड्यांच्या जागी इमारती आल्या तरी रस्ते तेच आहेत. त्या रस्त्याच्या दोन्ही कडा उभ्या वाहनांनी भरल्या की मध्ये उरलेल्या एका पट्ट्यातून बस, रिक्षा, हातगाडी आणि माणसे सगळी एकामागून एक सरकतात. ज्या फेरीला वीस मिनिटे लागायची तिला चाळीस लागली की चालकाच्या पाळीतल्या फेऱ्या कमी होतात, फेऱ्या कमी झाल्या की थांब्यावरची गर्दी वाढते, ताटकळलेल्या माणसांपैकी ज्याला शक्य असेल तो हप्त्यावर दुचाकी घेतो आणि ती दुचाकी पुन्हा त्याच रस्त्याच्या कडेला येऊन उभी राहते. बस सुधारल्यावर पार्किंगचे पाहू, असे म्हणताना आपण हे लक्षात घेत नाही की बस सुधारायला जो रस्ता मोकळा हवा तोच पार्किंगने अडवलेला आहे. हे दोन्ही एकाच ठरावात, एकाच वर्षात आणि एकाच खात्यातल्या पैशाने व्हायला हवे, एवढेच माझे म्हणणे आहे.

जागेचा हिशेब मी एकदा घरी बसून केला. एका चारचाकीला उभे राहायला साधारण अडीच मीटर रुंद आणि पाच मीटर लांब जागा लागते, म्हणजे साडेबारा चौरस मीटर, आपल्या सवयीच्या मापात सुमारे १३५ चौरस फूट. नारायण पेठेतल्या ज्या वाड्यात माझे वडील वाढले तिथली त्यांची खोली दहा फूट बाय तेरा फुटांची होती. त्या खोलीत आजी-आजोबा, वडील आणि दोन आत्या अशी पाच माणसे राहिली, तिथेच स्वयंपाक झाला, तिथेच मोठ्या आत्याचे पाहण्याचे कार्यक्रम झाले, आणि त्या जागेचे भाडे आजोबांनी दर महिन्याच्या पाच तारखेला मालकांच्या हातात नेऊन दिले. भाडे थोडे होते, पण ते कधी चुकले नाही, हे आजी अभिमानाने सांगायची. आज त्याच गल्लीत तेवढ्याच जागेवर एक चारचाकी दिवसरात्र उभी असते आणि तिच्याकडून शहराला त्या जागेपोटी काहीच मिळत नाही. गाडीच्या मालकांशी माझे वैर नाही. ते सज्जन आहेत आणि आईची विचारपूसही करतात. परंतु पेठेतली १३५ चौरस फूट जमीन फुकट असते हे गृहीतक आपण कधी आणि कोणत्या सभेत मंजूर केले, असा प्रश्न मला पडतो. ते कोणत्याच सभेत मंजूर झालेले नाही, ते फक्त अंगवळणी पडले आहे.

केंद्र सरकारच्या २००६ च्या राष्ट्रीय शहरी वाहतूक धोरणात याविषयी अगदी स्वच्छ शब्दांत सांगितलेले आहे. पार्किंगचे शुल्क त्या जागेचे खरे मूल्य दाखवणारे असावे आणि त्याचा उपयोग लोकांना सार्वजनिक वाहतुकीकडे वळवण्यासाठी व्हावा, असा त्याचा आशय आहे. म्हणजे २०१८ चा प्रस्ताव कोणा अधिकाऱ्याच्या मनात आलेली लहर नव्हती. ज्या धोरणाच्या चौकटीत आपण त्या काळात केंद्राचा निधी स्वीकारत होतो, त्या चौकटीतच तो बसणारा होता.

आता दुसरी बाजू पाहा. १ जून २०२५ पासून पीएमपीने तिकिटाचे दर वाढवले. किमान तिकीट ५ रुपयांवरून १० रुपये झाले, दैनिक पास ४० वरून ७० रुपये आणि मासिक पास ९०० वरून १५०० रुपये झाला. आधीची वाढ बऱ्याच वर्षांपूर्वीची होती, डिझेल, सीएनजी, पगार सारेच वाढले होते, त्यामुळे दर वाढूच नयेत असे मी म्हणणार नाही. पण ही वाढ झाली तेव्हा पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन्ही महापालिकांत लोकनियुक्त सभागृह नव्हते, आणि तीवर मुख्य सभेत जी चर्चा व्हायला हवी होती ती होऊच शकली नाही. आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशी धनकवडीहून येतात आणि दिवसाला चार घरे करतात. त्यांनी पूर्वी महिन्याचा पास काढलेला असायचा. दर वाढल्यावर दोन महिने त्यांनी पास काढला नाही. सकाळी एका बसने स्वारगेटपर्यंत यायचे आणि तिथून पुढे सगळी घरे चालत करायची, असा त्यांनी हिशेब बसवला. एक दिवस त्या ओट्याशी उभ्या राहून म्हणाल्या, "ताई, सहाशे रुपये म्हणजे धाकट्याच्या क्लासचे पैसे." मी खिडकीतून खाली पाहिले तर त्यांनी चालत पार केलेल्या रस्त्याच्या दोन्ही कडांना वाहने उभी होती, माझी स्कूटरही त्यांत होती, आणि आमच्यापैकी कोणीही त्या जागेचा एक पैसा दिलेला नव्हता. एकाच शहराने एकाच वर्षी बसमध्ये बसणाऱ्या बाईकडून महिन्याला ६०० रुपये जास्त घेतले आणि रस्ता व्यापणाऱ्या आम्हा सर्वांना तो तसाच वापरू दिला. खर्चाचा प्राधान्यक्रम म्हणतात तो असा ठरतो, आणि पुष्कळदा कोणीही तो ठरवण्यासाठी हात वर न करता ठरतो.

पैशाच्या बाजूकडे नीट पाहायला हवे, कारण 'महापालिकेकडे पैसाच नाही' हे वाक्य या चर्चेत नेहमी येते. पुणे महापालिकेचे २०२५-२६ चे अंदाजपत्रक १२,६१८ कोटी रुपयांचे होते. पीएमपीची संचलन तूट दोन्ही महापालिका मिळून भरून काढतात, त्यात पुण्याचा वाटा ६० टक्के आणि पिंपरी-चिंचवडचा ४० टक्के. ही तूट वर्षाला शेकडो कोटींची असते आणि तिला मंजुरी देताना 'पांढरा हत्ती' हा शब्द सभागृहात आणि बाहेर सर्रास वापरला जातो. मला हा शब्दप्रयोग मनापासून अयोग्य वाटतो. रस्त्यांच्या डांबरीकरणाला आपण तूट म्हणत नाही, पथदिव्यांच्या वीजबिलाला तूट म्हणत नाही, उड्डाणपुलावरून जाणाऱ्या गाड्या त्याचा खर्च भरून देत नाहीत म्हणून त्याला तोट्यातला पूल म्हणत नाही. मग रोज लाखो माणसांना कामावर नेऊन पुन्हा घरी आणणाऱ्या बसच्या खर्चालाच तो शब्द का लागावा?

यामागे एक व्यवस्थेतली अडचणही आहे आणि ती नगरसेवकांच्या हातातली नाही, हे मान्य करायला हवे. केंद्र आणि राज्य यांच्याकडून येणारा पैसा प्रामुख्याने बांधण्यासाठी आणि विकत घेण्यासाठी येतो, चालवण्यासाठी फारच थोडा येतो. डिसेंबर २००५ मध्ये सुरू झालेल्या जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनर्निर्माण अभियानात पुण्यासारख्या शहरासाठी ५० टक्के केंद्र, २० टक्के राज्य आणि ३० टक्के महापालिका असे प्रमाण होते. त्या निधीतून रस्ते झाले, बस आल्या, बीआरटीचे, म्हणजे फक्त बससाठी राखीव मार्गिकांचे, मार्ग झाले. पण बस आल्यावर तिचा चालक, वाहक, इंधन, टायर आणि डेपोतला मेकॅनिक यांचा खर्च कायमचा शहराच्या माथी असतो. त्यात १ एप्रिल २०१३ पासून जकात गेली, तिच्या जागी स्थानिक संस्था कर आला, मग तोही बहुतेक व्यापाऱ्यांसाठी २०१५ मध्ये बंद झाला आणि २०१७ पासून जीएसटीच्या बदल्यात मिळणाऱ्या राज्याच्या अनुदानावर आपली मोठी भिस्त आली. स्वतःच्या हातात उरलेली उत्पन्नाची साधने मोजकी आहेत: मिळकतकर, बांधकाम परवानगीचे शुल्क, पाणीपट्टी आणि असेच आणखी काही. अशा स्थितीत रस्त्याच्या कडेची जागा हे महापालिकेच्या स्वतःच्या मालकीचे साधन आहे. त्यासाठी दिल्लीला प्रस्ताव पाठवावा लागत नाही आणि कर्जही काढावे लागत नाही. त्यातून मिळणारा पैसा स्वतंत्र खात्यात राहिला आणि तो फक्त पीएमपी व पदपथ यांवरच खर्च होईल, त्याचे वर्गीकरण करता येणार नाही, असा ठराव झाला, तर शुल्क देणाऱ्यालाही आपला पैसा कुठे गेला हे डोळ्यांनी दिसेल. नगरसेवकांनी सुचवलेल्या प्रभागातल्या कामांच्या 'स' यादीतून बाक बसवले जातात, कमानी उभ्या राहतात, त्यांवर नावे लागतात, आणि त्यामुळेच ती कामे सर्वांना माहीत असतात. त्याच पैशातून एका मार्गावर दहा फेऱ्या वाढल्या तर त्यांवर नाव लावता येत नाही, हे खरे आहे. पण त्या दहा फेऱ्या आमच्या मावशींना लगेच कळतील.

बांधकामाला मिळणारे प्राधान्य किती महाग पडते हे पुण्याने विद्यापीठ चौकात पाहिले आहे. तिथले उड्डाणपूल वाहतूककोंडी सोडवण्यासाठी बांधले गेले आणि पंधरा वर्षेही पुरी व्हायच्या आत, २०२० च्या उन्हाळ्यानंतर टाळेबंदीच्या काळात, हिंजवडी-शिवाजीनगर मेट्रोसाठी पाडावे लागले. बीआरटीची कथा याच्या उलट आहे. डिसेंबर २००६ मध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर देशातला पहिला प्रायोगिक बीआरटी मार्ग आपण सुरू केला. त्यात दोष होते, पादचाऱ्यांना रस्ता ओलांडणे अवघड झाले होते, अपघातही झाले. पण दोष दुरुस्त करण्याऐवजी आपण हळूहळू तो मार्गच सोडून दिला, आणि पुढे नगर रस्त्यावरचा चांगल्यापैकी चालणारा भागही काढून टाकला. बससाठी राखलेली मार्गिका काढताना 'बाकीच्या वाहतुकीला जागा हवी' हे कारण दिले जाते. रस्त्याच्या कडेची उभी वाहने काढताना मात्र हेच कारण कोणी पुढे करत नाही.

व्यापाऱ्यांची बाजू मी टाळणार नाही, कारण मुख्य सभेत मध्यवर्ती भागातील नगरसेवक सर्वांत जोराने तीच मांडतात. गाडी लावायला जागा मिळाली नाही तर गिऱ्हाईक लक्ष्मी रस्ता सोडून मॉलमध्ये जाईल, अशी ती भीती आहे, आणि ज्याचे पोट त्या दुकानावर आहे त्याला ती वाटणे स्वाभाविक आहे. माझा शाळेतला एक वर्गमित्र लक्ष्मी रस्त्यावरच्या एका कापडाच्या दुकानात तीस वर्षे काम करतो आहे. त्याला मी हे विचारले तेव्हा तो म्हणाला, "अगं, सकाळी दहाला दुकान उघडतं ना, तेव्हा दारासमोर पहिल्या गाड्या आमच्याच लागतात. मालकांची एक आणि आम्हा नोकरांच्या पाच." सम-विषम तारखांप्रमाणे रस्त्याच्या एका बाजूला पी-१ आणि दुसऱ्या बाजूला पी-२ अशा पाट्या आहेत, त्याचे एक रोजचे काम म्हणजे तारीख पाहून त्या पाचही गाड्या योग्य बाजूला लागल्या आहेत की नाहीत हे बघणे. रात्री नऊपर्यंत त्या तिथून हलत नाहीत. ज्या जागेवर दिवसभरात दहा-बारा गिऱ्हाइके अर्धा-अर्धा तास थांबून खरेदी करून गेली असती, ती जागा सकाळी दहालाच संपलेली असते. ताशी शुल्क लागले तर सर्वांत आधी या दिवसभराच्या गाड्या हलतील, आणि ज्याला खरोखर गाडी घेऊनच यावे लागते, म्हणजे म्हाताऱ्या आईवडिलांना घेऊन आलेला मुलगा किंवा लग्नाचा बस्ता बांधायला आलेले कुटुंब, त्याला जागा मिळेल. मंडईशेजारी महापालिकेने बहुमजली वाहनतळ बांधलेले आहेत; पण वर चढून पैसे देण्यापेक्षा खाली रस्त्यावर फुकट लावणे सोपे आहे तोवर माणूस आधी रस्त्यावर घिरट्या घालणारच.

११ डिसेंबर २०२१ रोजी महापालिकेने लक्ष्मी रस्त्याचा एक भाग वाहनांसाठी बंद करून पादचारी दिन पाळला, आणि तेव्हापासून तो दरवर्षी पाळला जातो. पहिल्या वर्षी मी आईला घेऊन गेले होते. तिने नगरकर तालीम चौकापासून गरुड गणपतीच्या दिशेने रस्त्याच्या मधून चालायला सुरुवात केली आणि थोड्या वेळाने माझा हात सोडला. आईबरोबर बाजारात चालताना तिने हात सोडण्याची माझ्या अलीकडच्या आठवणीतली ती एकच वेळ आहे. दुकाने उघडी होती, गिऱ्हाइके होती, आणि मुलांना रस्त्यावर खेळ मांडून दिले होते. गणेशोत्सवात तर हा अनुभव आपण सगळेच घेतो. २०२५ च्या विसर्जनाच्या वेळी मेट्रो सलग ४१ तास चालवली गेली आणि अनंत चतुर्दशीच्या दिवशी पाच लाखांहून अधिक लोकांनी तिने प्रवास केला. मंडईचे भुयारी स्थानक सप्टेंबर २०२४ च्या अखेरीस सुरू झाल्यापासून पेठांच्या अगदी मध्यात जमिनीखालून माणसे आणून सोडण्याची सोय झाली आहे. हा मार्ग उभा करायला केंद्र, राज्य, दोन महापालिका आणि परदेशी कर्ज अशा सर्वांचा पैसा लागला. पहिल्या टप्प्याचा मंजूर खर्च ११ हजार कोटींच्या वर होता. इतका खर्च करून माणूस स्थानकाच्या जिन्यावरून वर येतो आणि वर येताच त्याला फूटपाथवर चढवलेल्या दुचाकींमधून वाट काढावी लागते. स्थानकाजवळ पार्किंग हवे अशी मागणी होते, ती मी समजू शकते, पण पेठांत तरी त्यापेक्षा स्थानकापासून दर पाच-सात मिनिटांनी सुटणारी लहान बस अधिक उपयोगाची आहे. जुलै २०२१ मध्ये मध्यवर्ती भागात दहा रुपयांत दिवसभर प्रवास देणारी 'पुण्यदशम' बस सुरू झाली होती. आई तेव्हा दिवसातून दोनदा मंडईत जाऊ लागली होती, एकदा भाजीला आणि एकदा नुसतीच तुळशीबागेत रामाच्या दर्शनाला. लहान बस, ठराविक फेरी, सहज परवडणारे तिकीट: पेठांना काय हवे आहे हे आपल्याला आधीच माहीत आहे.

केंद्राच्या नगरविकास मंत्रालयाच्या सेवा-मापदंडांत लाख लोकसंख्येमागे ६० बस ही सर्वांत वरची पातळी मानली आहे. पुणे आणि पिंपरी-चिंचवड मिळून ६० लाख धरले तरी ३६०० बस होतात, आणि पीएमपीचा ताफा दोन हजारांच्या आसपास घोटाळत राहिला आहे, त्यातही रोज रस्त्यावर येणाऱ्या बस त्याहून कमी. हे अंतर एका अंदाजपत्रकात भरून निघणार नाही. पण ज्या बस आहेत त्यांना वेळेवर धावू देणे हे बस विकत घेण्यापेक्षा कितीतरी स्वस्त आहे.

पेठेतल्या रहिवाशांचा प्रश्न खरा आहे. जुन्या वाड्यांत गाडीची सोय कधी नव्हतीच, आणि तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या कुटुंबाला एका वाहनापुरता माफक वार्षिक परवाना मिळावा असे मला वाटते. दुचाकीला चारचाकीच्या मानाने फारच थोडी जागा लागते, तेव्हा तिचे शुल्कही त्याच प्रमाणात असावे. तो भेद न करता केलेले धोरण लोकांना अन्यायाचे वाटेल आणि पुन्हा २०१८ सारखेच गुंडाळले जाईल. ज्यांना शुल्क नकोच आहे ते नदीपात्राकडे बोट दाखवतात. डेक्कनजवळ भिडे पुलाच्या आसपास मुठेच्या पात्रात शेकडो गाड्या लागतात, आणि पावसाळ्यात खडकवासला धरणातून विसर्ग वाढला की ध्वनिक्षेपकावरून सूचना देत त्या बाहेर काढाव्या लागतात. जुलै २०२४ च्या पुरात लोकांच्या घरांत पाणी शिरलेले आपण पाहिले. नदीचे पात्र हा शहराचा वाहनतळ असू शकत नाही, आणि फुकट जागेच्या शोधात आपण तिथपर्यंत पोचलो आहोत.

या सगळ्याची उत्तरे वेगवेगळ्या टेबलांवर वाटली गेली आहेत, ही मोठी अडचण आहे. बसचे दर पीएमपी कंपनीच्या संचालक मंडळात ठरतात, पार्किंगचे शुल्क मुख्य सभेत ठरते, चुकीच्या ठिकाणी लावलेल्या गाडीवर कारवाई वाहतूक पोलीस करतात आणि मेट्रो केंद्र-राज्याच्या संयुक्त कंपनीच्या हाती आहे. या चौघांना एका विषयपत्रिकेवर आणण्याचा अधिकार नसला तरी नैतिक वजन फक्त निवडून आलेल्या सभागृहाकडे आहे, आणि म्हणूनच चार वर्षांनी ते परत आले याचा मला मनापासून आनंद झाला आहे.

आमच्या प्रभागाच्या चारही नगरसेवकांना मी एक पत्र दिले आहे. त्यात सर्व धोरण मागितलेले नाही. पुढच्या मुख्य सभेत पार्किंगचा विषय येईल तेव्हा प्रभागातील प्रत्येक बसथांब्याच्या दोन्ही बाजूंना पंधरा मीटर जागा वाहनमुक्त ठेवण्याची उपसूचना त्यांनी मांडावी, पट्टे रंगवण्याचा आणि दुभाजक खांब बसवण्याचा खर्च 'स' यादीतून करावा, आणि आसपासच्या रस्त्यावरच्या शुल्काची रक्कम त्या थांब्यावरून जाणाऱ्या मार्गाच्या फेऱ्यांसाठी राखून ठेवावी, एवढ्याच तीन गोष्टी लिहिल्या आहेत. सोबत आईच्या थांब्याचे मोजमाप जोडले आहे. टेप मी धरली होती आणि आकडे आईने तिच्या दुधाच्या हिशेबाच्या वहीत लिहून घेतले: मंगळवार, सकाळी साडेदहा, खांबापासून उजवीकडे पंधरा मीटर, डावीकडे पंधरा मीटर, अकरा दुचाकी, दोन चारचाकी, पाण्याचे जार उतरवणारा एक टेम्पो, बससाठी मोकळी जागा, शून्य.